तारा की करवत : पुढे आलेल्या जबड्याच्या उपचारांचा इतिहास

खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या आत न बसता पुढे मिटतात, त्याला बोलचालीत अंडरबाइट म्हणतात. दंतवैद्याच्या कागदावर त्याची नोंद ‘क्लास थ्री’ अशी होते. आरशात दिसणारा दोष एकच असला तरी त्यामागची कारणे तीन असू शकतात. दात फक्त कललेले असतात, खालचा जबडा प्रमाणाबाहेर वाढलेला असतो, किंवा वरचा जबडा मागे राहिलेला असतो. मोठ्या माणसांत शेवटची दोन कारणे पुष्कळदा एकत्र आढळतात. दात कललेले असतील तर तारा लावून काम भागते. दोष हाडात असेल आणि वाढ थांबलेली असेल तर दोनच वाटा उरतात. एक, हाड कापून जागेवर आणायचे. दुसरी, हाडाला हात न लावता दात सरकवून, दातांवर कवच बसवून किंवा हनुवटी कोरून दोष झाकायचा. या दोन वाटांमधली सीमारेषा गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा सरकली. रोग्याच्या जबड्यात काही बदल झाला म्हणून ती सरकली नाही. करवत किती सुरक्षित झाली, यावर ती सरकत गेली.

युरोपात या ठेवणीला एका राजघराण्याचे नाव चिकटले आहे. हाब्सबुर्ग घराण्यातील सम्राट पाचवा चार्ल्स (१५००–१५५८) याचे तोंड नीट मिटत नसे आणि घास चावताना त्याला कष्ट पडत. त्याचा पणतू, स्पेनचा राजा चौथा फिलिप, याची लांबोडी हनुवटी वेलास्केझ या चित्रकाराने सुमारे चार दशके रंगवली, आणि ती फारशी लपवलीही नाही. फिलिपचा मुलगा दुसरा चार्ल्स १७०० साली निःसंतान वारला आणि घराण्याची स्पेनमधली शाखा संपली. पिढ्यान्‌पिढ्या काका-पुतणी आणि चुलत-आते भावंडांत लग्ने झाल्यामुळे या शेवटच्या राजाचा आप्तविवाह गुणांक ०.२५४ भरतो, असा हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सख्ख्या भावा-बहिणीच्या अपत्यात तो ०.२५ असतो. २०१९ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी घराण्यातील १५ व्यक्तींची ६६ चित्रे जबड्याच्या दहा शल्यचिकित्सकांसमोर ठेवली. आप्तविवाहाचे प्रमाण आणि खालच्या जबड्याचा पुढारलेपणा यांत संबंध दिसला, पण नमुना इतका लहान की त्यावर फार भार टाकता येत नाही. त्याहून महत्त्वाची नोंद वेगळीच आहे. यांतल्या बऱ्याच चेहऱ्यांत वरचा जबडाही खुजा होता. शल्यचिकित्सकांच्या कार्यपद्धतीत ही गोष्ट नीट उतरायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

राजांकडे उपाय एकच होता, दाढी. टिशियनच्या चित्रांतील पाचव्या चार्ल्सची दाढी हनुवटीची रेषा बऱ्यापैकी मोडून टाकते. दोष झाकण्याच्या परंपरेची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही.

दात सरकवण्याचे पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. लंडनच्या जोसेफ फॉक्स याने १८०३ मधल्या आपल्या पुस्तकात आत वळलेल्या वरच्या दातांसाठी एक साधन सांगितले. बाहेरून सोन्याची पट्टी ठेवायची, दात रेशमी धाग्याने तिला बांधायचे, आणि दाढांवर हस्तिदंताचे ठोकळे बसवून चावा उघडा ठेवायचा, म्हणजे वरचे दात खालच्यांना ओलांडून पुढे येऊ शकतील. फ्रान्समधल्या कातालां याने खालच्या दातांवर बसणारी उतरती पट्टी वापरली. तोंड मिटताना वरचे दात तिच्यावरून घसरत पुढे येत. जर्मनीच्या क्नाइझेलने १८३६ मध्ये पुढे आलेल्या हनुवटीला पट्टा बांधून तो डोक्याच्या टोपीला जोडण्याचा मार्ग सुचवला. फॉक्स आणि कातालां यांची साधने फक्त दात कललेले असलेल्या मुलांत खरोखर चालत. पट्ट्याचा हेतू मात्र हाडाची वाढच रोखण्याचा होता. तो पुढे दीडशे वर्षे वापरात राहिला, विशेषतः जपानमध्ये. सेंदाईच्या संशोधकांनी १९९० मध्ये दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष मांडले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पट्टा असताना जबडा आवरल्यासारखा दिसतो. वाढ पूर्ण होईपर्यंत तो लाभ बहुतेकांत टिकत नाही.

हाड कापण्याचा पहिला नोंदलेला प्रसंग १८४९ चा. अमेरिकेत, तेव्हा व्हर्जिनिया राज्यात असलेल्या व्हीलिंग गावी, सायमन हलिहेन हा वैद्यक आणि दंतवैद्यक दोन्ही जाणणारा शल्यचिकित्सक काम करत होता. त्याच्याकडे आलेली तरुणी लहानपणी भाजली होती. मानेवरची कातडी आकसत गेली आणि तिच्या ओढीने वाढत्या वयातला खालचा जबडा पुढे आणि खाली लांबला. हलिहेनने जबड्याच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंनी हाडाचे तुकडे काढले आणि पुढचे दात त्यांच्या हाडासकट मागे आणून बसवले. मग मानेची आणि ओठाची दुरुस्ती केली. ही जन्मजात ठेवण नव्हती, आणि या कामातून लगेच काही प्रथा उभी राहिली नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे कोणी त्या वाटेला फारसे गेले नाही. जंतुसंसर्गाच्या काळात केवळ चेहऱ्यासाठी जबडा कापणे हे धाडस कमी आणि अविचार जास्त ठरला असता.

ती वाट पुन्हा उघडली सेंट लुईस शहरात. १८९७ च्या सुमारास विलरे ब्लेअर या तरुण शल्यचिकित्सकाने एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी हाडाचा तुकडा काढून हनुवटी मागे आणली. ‘डेंटल कॉसमॉस’ मासिकात १८९८ मध्ये या ऑपरेशनवर लिहिणाऱ्यांत एडवर्ड अँगल हेही होते. हे तेच अँगल, ज्यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायमच्या दाढांच्या मेळावरून चाव्याचे तीन वर्ग पाडले आणि दात सरळ करण्याच्या विद्येला स्वतंत्र शाखा म्हणून उभे केले. जगभरच्या दंतवैद्यांच्या वहीत आजही चालणारा ‘तिसरा वर्ग’ त्यांचाच. तारांचा हा सर्वांत मोठा पुरस्कर्ता, पण पूर्ण वाढलेल्या माणसाचा जबडा खूप पुढे असेल तर तारांनी भागणार नाही, करवतच लागेल, हे त्यांनी मान्य केले होते. त्यांच्या शिष्यपरंपरेला मात्र ऑपरेशनचे वावडे बराच काळ राहिले. त्याला कारणही होते.

कारण त्या काळची ऑपरेशने बाहेरून, गालाच्या कातडीतून होत. व्रण राही आणि चेहऱ्याची हालचाल सांभाळणाऱ्या नसेला धोका असे. ब्लेअरने १९०७ मध्ये जबड्याच्या विकृतींचे पाच प्रकार मांडले आणि कानाखालच्या उभ्या भागातून हाड आडवे कापण्याची पद्धत दिली. त्यासाठी जिग्लीची तारेची करवत वापरली जाई. फ्लॉरेन्सच्या लिओनार्डो जिग्ली या प्रसूतितज्ज्ञाने ती अडलेल्या बाळंतपणात कटीचे हाड कापण्यासाठी बनवली होती. तिथून ती जबड्यापर्यंत पोचली. प्रागच्या कोस्टेच्का याने १९३१ मध्ये हीच करवत बारीक छिद्रांतून, आत काय कापले जाते ते न पाहता, फिरवण्याची रीत दिली. जखम लहान झाली, अडचण तशीच राहिली. आडव्या कापाने हाडाची दोन अरुंद टोके एकमेकांसमोर येत. चावण्याचे दणकट स्नायू त्यांना वेगवेगळ्या दिशांना ओढत. हाड सांधत नसे, किंवा सांधताना समोरचा चावा उघडा पडे. चावा सुधारायला गेलेल्या माणसाला पुढच्या दातांनी काहीच तोडता येऊ नये, असे परिणाम होत. अशा स्थितीत तारांनी जमेल तेवढे झाकणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

दोन्ही महायुद्धांनी जबड्याच्या शस्त्रक्रियेला हात दिला. सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलात हॅरल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या युद्धात हजारो मोडलेले चेहरे उभे केले, आणि दंतवैद्य व शल्यचिकित्सक एकाच टेबलावर काम करू लागले. जखमी सैनिकाचा जबडा सांधणे आणि धडधाकट माणसाचा जबडा मुद्दाम मोडून सांधणे यांत तंत्राचा फरक थोडाच आहे. त्याच काळात मोजमापही आले. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे डोक्याचे बाजूने, ठरावीक अंतरावरून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत मांडली. दोष दातांत आहे की हाडात, आणि हाडात असेल तर वरच्या की खालच्या, हे आता अंशांत आणि मिलिमीटरमध्ये सांगता येऊ लागले.

खरा पालट ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाला. हुगो ओब्वेगेझर (१९२०–२०१७) तिथे रिखार्ड ट्राउनर यांच्या हाताखाली काम करत होते. मधल्या काळात इंग्लंडमध्ये गिलीज यांचे कामही त्यांनी पाहिले होते. १९५३ मध्ये त्यांनी तोंडातूनच खालचा जबडा कापला, तोही नव्या दिशेने. दाढांच्या मागचा उभा भाग आडवा न तोडता त्यांनी तो लांबीने, बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा वेगळे होतील असा चिरला. मग दातांसकटचा भाग काड्यापेटीच्या खणासारखा मागे किंवा पुढे सरकवता येतो आणि तरीही हाडाचे दोन रुंद पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले राहतात. सांधण्याचा जुना प्रश्न त्यातच सुटला. बाहेर व्रण नाही. लाळेने आणि जंतूंनी भरलेल्या तोंडातून हाड उघडे करणे आधीच्या पिढीला भयंकर वाटले असते. पेनिसिलिन हाताशी होते, नाकातून श्वासनलिकेत नळी घालून भूल देता येत होती, म्हणून ते जमले. ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांचा इंग्रजी लेख १९५७ मध्ये आला. त्यात हनुवटीचे हाड कापून हलवण्याची रीतही होती. इटलीच्या दाल पोंतने १९६१ मध्ये काप आणखी पुढे नेऊन संपर्काची जागा वाढवली. मूळ पद्धतीचे बदललेले रूप आजही बहुतेक ऑपरेशनांत वापरले जाते.

तिची किंमत एका नसेने मोजली. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस नेमकी या चिरलेल्या हाडाच्या पोटातून जाते. ऑपरेशननंतर ओठ बधिर होणे जवळपास ठरलेलेच. पुष्कळांत ते काही महिन्यांत ओसरते, काहींत थोडेफार कायम राहते. निवडीच्या तराजूत आजही ही गोष्ट सर्वांत जड आहे, आणि कोणत्याही नव्या यंत्राने ती पुरती हटवलेली नाही.

वरचा जबडा जास्त काळ अस्पर्शित राहिला. लील शहरातल्या रेने ल फोर यांनी १९०१ मध्ये प्रेतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर फुटतात ते शोधले होते. त्यातली सर्वांत खालची रेषा नाकाच्या तळातून, वरच्या दातांच्या मुळांच्या वरून जाते. बर्लिनच्या वासमुंडने १९२७ मध्ये त्या रेषेवर मुद्दाम काप घेतला, पण रक्तपुरवठा तुटेल या भीतीने जबडा पूर्ण मोकळा केला नाही. पूर्ण मोकळा न केलेला जबडा पुन्हा मागे जाई. झुरिकला गेलेल्या ओब्वेगेझर यांनी १९६० च्या दशकात तो पूर्ण सुटा करून पुढे आणायला सुरुवात केली. भीती निराधार आहे हे टेक्सासच्या विल्यम बेल यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवले: टाळूकडचे मऊ आवरण शाबूत असेल तर हाड जगते. १९७० मध्ये ओब्वेगेझर यांनी एकाच वेळी वरचा जबडा पुढे आणि खालचा मागे नेण्याचे काम प्रसिद्ध केले. हाब्सबुर्ग चेहऱ्यासारखा दुहेरी दोष असलेल्यांवर तोवर निम्माच इलाज होत होता. खालचा जबडा फार मागे नेला तर जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होऊ शकते, हेही पुढे ध्यानात आले, आणि आता भर वरचा जबडा पुढे आणण्यावर असतो.

अमेरिकेत या शस्त्रक्रियेचा प्रसार ओब्वेगेझर यांच्या १९६६ मधल्या वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील व्याख्यानांनंतर झाला. तरीही रोग्याचे सहा आठवडे हाल होत. कापलेले हाड हलू नये म्हणून वरचे आणि खालचे दात तारेने घट्ट बांधून ठेवत. पातळ अन्न तेवढे आत जाई, आणि उलटी झालीच तर तारा तोडता याव्यात म्हणून कातर जवळ बाळगावी लागे. बाझेलच्या श्पीसल यांनी १९७४ मध्ये स्क्रूने हाड पक्के करण्याची पद्धत मांडली. फ्रान्समध्ये मिशले आणि शांपी यांच्या गटांनी बारीक धातूच्या पट्ट्या आणल्या. तोंड बांधून ठेवण्याची गरज त्यामुळे बहुतांशी संपली. सीमारेषा सर्वांत जास्त सरकली ती याच वेळी. तोवर ‘इतके काही वाईट दिसत नाही’ म्हणून तारांवर भागवणारे लोक ऑपरेशनच्या दाराशी येऊ लागले.

झाकण्याची बाजूही स्वस्थ बसली नव्हती. खालच्या दोन उपदाढा किंवा एक पटाशीचा दात काढून खालची रांग मागे ओढायची आणि वरची पुढे कलवायची, ही तारांची जुनी युक्ती. १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी हाडात बसवायच्या बारीक स्क्रूचा वापर दाखवल्यावर खालची सगळी रांग मागे नेण्यासाठी भक्कम आधार मिळाला. मुलांसाठी फ्रान्समधल्या नांत शहराच्या दलेर यांनी चेहऱ्यावरचा मुखवटा रूढ केला. तो कपाळ आणि हनुवटीवर टेकतो आणि रबरांनी वरचा जबडा पुढे ओढतो. दहाव्या वर्षाच्या आत लावला तर गुण चांगला येतो. मुखवटा लावलेल्यांपैकी काहींना तरुणपणी तरीही ऑपरेशन लागते, कारण खालच्या जबड्याची वाढ सर्वांत शेवटी, मुलग्यांत तर विशीच्या उंबरठ्यापर्यंत, चालू राहते.

याच काळात निव्वळ सौंदर्याचे उपायही आले. हॉलिवूडच्या चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने १९३० च्या आगेमागे नटांच्या दातांवर चित्रीकरणापुरती पातळ कवचे चिकटवली. ती जेवताना काढावी लागत. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर राळ चिकटवता येते हे दाखवले आणि १९८० च्या दशकात चिनी मातीची कवचे दाताला कायमची चिकटू लागली. किरकोळ उलटा चावा वरचे दात जाड करून झाकता येतो. हनुवटीचे टोक कोरले तर बाजूने दिसणारी रेषा सुधारते. पण दाढांचा मेळ बसत नाही, चावणे सुधारत नाही, आणि पुढच्या दातांवर उलटा भार पडत असेल तर कवचे उडतात. जबडा एक-दोन मिलिमीटरच पुढे असलेल्यांचा हा उपाय आहे. त्याहून मोठ्या दोषावर तो विकणे ही फसवणूक म्हणावी लागेल.

पूर्व आशियात ही ठेवण युरोपपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि निवडीचे पुढचे प्रकरण तिथेच लिहिले गेले. जपानने १९९० मध्ये जबड्याच्या विकृतीवरचे ऑपरेशन आणि त्यासाठी लागणाऱ्या तारा सरकारी आरोग्य विम्यात घेतल्या. दोष झाकण्यासाठी नुसत्या तारा लावल्या तर खर्च रोग्याच्या खिशातून. सीमेवरच्या रोग्याचा निर्णय कुठे झुकेल, हे विम्याच्या नियमानेही ठरते. दक्षिण कोरियात गेल्या दोन दशकांत दोन्ही जबड्यांचे ऑपरेशन निमुळत्या चेहऱ्याच्या हौसेसाठीही होऊ लागले. सोलच्या एका क्लिनिकने रोग्यांच्या जबड्यांतून काढलेल्या हाडांच्या तुकड्यांचे काचेचे मनोरे जाहिरातीसाठी उभारले आणि २०१४ च्या सुरुवातीला त्याबद्दल दंड भरला. करवत सुरक्षित झाली की ती गरज नसलेल्यांच्या तोंडापर्यंतही पोचते, हे त्या मनोऱ्यांवरून दिसले.

भारतीय उपखंडात ही ठेवण पूर्व आशियाच्या मानाने पुष्कळच कमी आढळते. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये आणि तोंड-जबड्याच्या शल्यचिकित्सकांची अखिल भारतीय संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली. तारांची आणि करवतीची विद्या इथे जवळपास एकाच पिढीत संघटित झाली.

सीमारेषा आकड्यांत बांधण्याचे प्रयत्न १९८० नंतरचे. अमेरिकेच्या प्रॉफिट आणि अकरमन यांनी तारांनी दात किती हलतील, वाढीच्या वयात किती, आणि ऑपरेशनने किती, याच्या एकाबाहेर एक मर्यादा आखून दिल्या. ब्रिटनच्या केर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ऑपरेशन झालेल्या आणि नुसत्या तारा लावलेल्या रोग्यांची तुलना केली. वरच्या-खालच्या जबड्यांतील कोन उणे चार अंशांखाली आणि खालच्या पटाशीच्या दातांचा कल ८३ अंशांखाली गेला की ऑपरेशनकडे वळावे, असा उंबरठा त्यांनी सुचवला. २००२ मध्ये जर्मनीत १७५ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात दोन्ही जबड्यांतले चावण्याच्या पातळीवर मोजलेले अंतर सर्वांत निर्णायक ठरले. दोन्ही टोकांची माणसे अशा सूत्रांनी सहज वेगळी होतात. मधल्या पट्ट्यात सूत्र मुके राहते. तिथे बधिर ओठाची जोखीम, खर्च, वय आणि स्वतःच्या चेहऱ्याबद्दलची बोच हेच माप.

या मधल्या पट्ट्यात एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. दोष झाकायचा असेल तर खालचे दात मागे आणि वरचे पुढे कलवावे लागतात. ऑपरेशन करायचे असेल तर त्याआधी नेमके उलट करावे लागते: निसर्गाने आधीच कलवलेले दात हाडावर सरळ उभे करायचे, आणि त्या महिन्यांत उलटा चावा आधीपेक्षा वाईट दिसतो. हे महिने वाचवण्यासाठी सेंदाईच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये आधी ऑपरेशन आणि मग तारा असा क्रम मांडला. तो निवडक रोग्यांतच चालतो. काढायचे दातही दोन्ही मार्गांत बहुधा वेगळे असतात, आणि काढलेला दात परत बसत नाही. झाकण्याच्या मार्गाने दोन वर्षे गेलेला माणूस पुढे ऑपरेशनकडे वळला तर आधीचे सगळे काम उलटवावे लागते. तारा की करवत, हा निर्णय म्हणून पहिली तार बसण्याआधीच, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि शल्यचिकित्सक या दोघांनाही भेटून घ्यावा.